निखिलचा उजवा गुडघा

नौपाड्यातल्या दवाखान्यात थेरपिस्टने माझ्या खांद्याला मलम चोळलं आणि त्या उग्र वासासरशी मी कॉलेजच्या मैदानावर जाऊन पोचलो. मी तिथे क्रीडाशिक्षक होतो.

दुपारची वेळ. नुकतं पाणी मारलेल्या मातीत डोंबिवलीचा निखिल उभा होता, माझा सगळ्यात चपळ चढाईपटू. पोटऱ्यांना मलम, पाय अनवाणी. व्यावसायिक कबड्डी संघाचा माणूस माझ्या केबिनमध्ये चहा घेत बसलेला. त्याला निखिल याच मोसमात हवा होता.

"सर, एक वर्ष थांबू का?" निखिल म्हणाला. "मॅटवर मी कधी खेळलोच नाहीये. बूट घातले की पाय अडकतो. मातीत कसा, सरकतो."

"सर, तुम्ही म्हणाल तसं," शेजारी उभी असलेली त्याची आई म्हणाली.

मीही जन्मभर मातीतच खेळलेलो. पण माझा पोरगा टीव्हीवर दिसणार, हे डोक्यात शिरलेलं. "अरे, कबड्डी ती कबड्डी! आठ दिवसांत सवय होईल. बिनधास्त जा."

पहिल्याच महिन्यात मॅटवर बूट अडकला, अंग वळलं आणि उजवा गुडघा गेला. निखिल पुन्हा खेळला नाही.

तेव्हा मला त्याचा प्रश्न भित्रेपणाचा वाटलेला. आज वाटतं, त्या दुपारी मैदानावर खेळ कळणारा तो एकटाच होता.

त्या दिवशी मैदानावरून निघताना तो उजवा गुडघा टेकून माझ्या पाया पडला होता. उठल्यावर त्या गुडघ्यावरची माती मीच झटकली.