हन्नाबाईंचे न संपणारे नवस

अंबरनाथ पश्चिमेला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका शुक्रवारी दुपारी नर्सच्या पांढऱ्या साडीतल्या एक बाई पंक्चर सायकल ढकलत आल्या. हँडलला दोन्हीकडं पिशव्या.

"जरा हात चालवा हो भाऊ. बदलापूर करून दिवेलागणीच्या आत परतायचंय. नंतर आमचा शब्बाथ लागतो, मग कामाला हात लावायचा नाही."

हन्नाबाईंची नि माझी ही पहिली ओळख. पिशव्यांत तांदूळ होते, औषधं होती. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातले एकटे पडलेले गरीब म्हातारे उल्हासनगरच्या कॅम्पांत, बदलापूरच्या चाळींत विखुरलेले. कुणाची मुलं इस्रायलला गेलेली, कुणाला झालीच नाहीत. दवाखान्यातली पाळी संपवून बाई त्यांची दारं ठोठावत. हळूहळू मीही त्यांचा हमाल झालो. चौथी शिकलेल्या मला माणसं वाचायला बाईंनीच शिकवलं.

बदलापूरला बिन्यामीनकाका होते. जुने फिटर, बायको गेलेली, मूलबाळ नाही. माणूस मोठा ताठ. बाईंचे तांदूळ त्यांनी दारातूनच परत केले. "मी भिकारी नाही, हन्ना."

बाईंनी मात्र त्यांचं काडीसारखं झालेलं मनगट पाहिलं होतं. मला म्हणाल्या, "हे असंच चाललं तर काका दोन महिने काढायचे नाहीत."

"मी बघतो," म्हटलं. आम्ही आगरी माणसं. कुणावर माया करायची तर कोळंबी! आमच्या मंडळींनी झकास कालवण केलं. काकांनी डब्याचं झाकण उघडलं, क्षणभर पाहिलं आणि परत लावलं. "पोट भरलंय रे, भाऊ."

मी तणतणत बाईंकडं आलो. "म्हाताऱ्याचा तोरा तरी किती!"

बाई आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग डोळे पुसले. "अहो, ज्याला खवलं नाही ते आम्ही खात नाही. कोळंबीला कुठलं खवलं? तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून उपाशी माणूस खोटं बोलला." पुढं म्हणाल्या, "ते खोटं बोलतात, तर मीही बोलेन."

रविवारी बाई काकांच्या दारात. "काका, मी एलियाहू हन्नबीला नवस बोलले होते, त्याचा मलिदा ठेवलाय. त्याची गाणी जुन्या चालीत म्हणणारं इथं कोणी उरलं नाही. तुम्ही आला नाहीत तर ताट तसंच राहील."

"शर्टाला इस्त्री नाही."

"नबी इस्त्री बघत नाही."

काका आले. बाईंच्या घरी सातआठ म्हातारे जमले होते. एलियाहू या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं गोड पोहे, खोबरं, फळं यांचं ताट मध्ये. काकांचा आवाज लागला आणि दोन म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावून बसल्या. उठताना बाईंनी काकांच्या हातात जड पिशवी दिली. "म्हणणाऱ्यानं उरलेला मलिदा आणि शिधा घरी न्यायचा. रीतच आहे."

मग बाईंचे नवस थांबेचनात. कुणाचा खोकला गेला, मलिदा. कुणाला परदेशाहून पत्र आलं, मलिदा. दर वेळी भात, खवल्याच्या माशाचं कालवण, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात पिशवी. काका चांगली बारा वर्षं जगले.

एकदा मी त्यांना सायकलवरून घरी सोडत होतो. मागून म्हणाले, "भाऊ, म्हणणाऱ्यानं शिधा घरी न्यायची असली रीत आमच्यात कुठंच नाही बरं का. मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पोरीचे नवस थांबले असते. मग बाकीच्या म्हाताऱ्यांनी जेवायचं कुठं?"

हन्नाबाई, हे तुम्हांला मी आज, तुमच्या वाढदिवशी, पहिल्यांदाच सांगतोय. तुम्हांला पंचाहत्तर वर्षं पुरी झाली. आम्ही शंभर वर्षांचा आशीर्वाद देतो, तुमच्यात एकशेवीस म्हणतात. या एका बाबतीत मी तुमच्या धर्माचा. गुडघे धड राहोत, नजर स्वच्छ राहो. तुमच्या प्रकृतीसाठी आम्हीही एक नवस बोललोय, आणि तो फेडायला तुम्ही समोर बसलेल्या हव्यात.