चाफ्याच्या आळ्यातले पाणी

धुळ्याला पोस्टात नोकरी करत असताना मी तिथल्या बाग मंडळात होतो. मंडळ म्हणजे आम्ही दहा-बारा जण. महिन्यातल्या एका रविवारी, ऊन चढायच्या आत, एकेकाच्या परसात जायचे, झाडे पाहायची, चहा घ्यायचा आणि बोलताना कोणाची भीड ठेवायची नाही, एवढाच नियम. "वकीलसाहेब, ही जास्वंद की कापसाची पऱ्हाटी?" असे डॉक्टर विचारत. पुढच्या महिन्यात डॉक्टरांच्या रॉकेलच्या डब्यांतल्या क्रोटनपुढे उभे राहून वकीलसाहेब उट्टे काढत, "यातला रोगी कोणता, तेवढं आधी सांगा."

वैशाखातली फेरी मात्र दरवर्षी आबांकडे असे. आबा निवृत्त शिक्षक, एकटेच राहत. त्यांच्या अंगणात सोनचाफा होता. आपल्याकडच्या उन्हात सोनचाफा जगवणे सोपे नाही. तो अक्कांनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, नाशिकहून आणून वाढवला होता. अक्का वारल्या त्या उन्हाळ्यात आबांची विहीर आटली, तेव्हा मंडळातल्या प्रत्येकाने आपल्या घरून एकेक तांब्या पाणी नेऊन चाफ्याला घातले. पुढे विहिरीला पाणी आले तरी ती रीत राहिली. आळ्यापाशी उभे राहून आबा प्रत्येकाला विचारत, "कुठलं पाणी?" आपण म्हणायचे, "घरच्या विहिरीचं." मग पाणी ओतायचे आणि कैरीची डाळ खायला बसायचे.

ज्या वर्षाची ही हकीकत आहे, त्या वर्षी माझी विहीर आटली होती. चार घरे हिंडून मी पिण्यापुरते पाणी आणत होतो. ते सरळ सांगितले असते तर कोणी हसले नसते. पण मंडळात सगळ्यांत लहान परसबाग माझी, चार मोगरे आणि एक तुळस. त्यात विहीरही कोरडी, हे सांगायची मला लाज वाटली. आमच्या शेजारी एक मुसलमान रंगारी राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणत. त्या सकाळी त्यांच्या अंगणात कोणी नव्हते. एका रांजणात नितळ पाणी दिसले. मी तांब्या बुडवला आणि निघालो.

"कुठलं पाणी?" आबांनी विचारले.

"घरच्या विहिरीचं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून चाचा कोणाला तरी सांगत होते, "तुरटीच्या रांजणातून कुणी तांब्याभर पाणी नेलं. कपड्यावर रंग धरावा म्हणून ठेवलं होतं. जो प्याला असेल, त्याचं तोंड अजून आखडलेलं असेल."

मी घरात गेलो आणि दार लोटून घेतले. पंधरा दिवसांत चाफ्याची पाने पिवळी पडली. आषाढापर्यंत झाड वाळले.

तुरटीच्या पाण्याने झाड मेले असेल, तर अक्कांची शेवटची आठवण मी मारली होती. आणि मी बोललो नाही. बोलायचे म्हणजे खोटे सांगितल्याचेही कबूल करावे लागणार होते, आणि रंगाऱ्याच्या घरचे पाणी देवाला फुले वाहायच्या झाडाला घातले हेही. त्या काळी याचाही बोभाटा झाला असता. त्या भीतीची आज मला जास्त लाज वाटते. मी मंडळाच्या फेऱ्या चुकवू लागलो. आबा रस्त्यात दिसले तर गल्ली बदलायचो. वर्षभरात जळगावला बदली झाली, तेव्हा बायको सामान बांधताना रडत होती आणि मला सुटल्यासारखे वाटत होते.

सुटलो मात्र नव्हतो. जळगावात कोणाच्या अंगणात चाफा दिसला की मी खाली पाहून चालू लागे. चार वर्षांनी बातमी कळली, आबा धुळ्याचे घर सोडून पिंपळनेरला मुलीकडे कायमचे चालले आहेत. मी जेवता जेवता थांबलो. बायकोला एकटीला सगळे ठाऊक होते.

"एकदा जाऊन सांगून या," बायको म्हणाली. "चार वर्षं या घरात चाफ्याचं नाव काढायची सोय नाही. ते काय तुम्हाला मारणार आहेत?"

"मारलं तर बरंच होईल."

"मग तर जायलाच हवं," ती म्हणाली आणि दशम्या बांधायला उठली.

चाळीसगावला गाडी बदलून मी धुळ्याला उतरलो. काय बोलायचे ते वाटेत पाठ केले होते. आबा ओट्यावर जुनी पुस्तके गोणपाटात बांधत होते. अंगणात चाफ्याचे आळे तसेच होते, रिकामे. ते पाहिल्यावर पाठ केलेले सगळे विसरलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकले. आटलेली विहीर, रांजण, तुरटी, खोटे उत्तर. शेवटी म्हणालो, "आबा, अक्कांचं झाड मी मारलं."

आबांनी सुतळी खाली ठेवली. "तुरटी?" त्यांनी विचारले. "नक्की?"

"नक्की."

ते हसू लागले. इतके हसले की खोकला आला आणि मला आतून पाणी आणून द्यावे लागले. आबा शाळेत शुद्ध बोलत, पण घरी मौजेत आले की खानदेशी बोलत. "तू चौथा शे," ते म्हणाले. "आपला मंडळमा बठ्ठा पापी शेतस."

मंडळातले सगळेच पापी, म्हणजे काय, ते मला कळेना. मग त्यांनी सांगितले. गेल्या दिवाळीत वकीलसाहेब आले होते. त्यांच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले होते, ते ठाऊक असून त्यांनी घातले. नंतर डॉक्टर आले. त्यांनी दवाखान्यातल्या बाटलीतून पाणी आणले होते आणि बाटली धुतली होती की नाही, ते त्यांना आठवत नव्हते. मग मंडळातलेच ड्रॉइंगमास्तर. त्यांनी त्या दिवशी न विचारता एक कळी खुडली होती.

"तिघांनाही मी माफ केलं," आबा म्हणाले. मग त्यांनी रिकाम्या आळ्याकडे पाहिले. हसू गेले होते. "माफ करायचा मला काय अधिकार होता? त्या साली होळीच्या आधी झाड मरगळलेलं दिसलं. पहूरच्या एकानं सांगितलं, मुळाशी पेंड घाला. मी शेरभराऐवजी पाटीभर घातली, तीही कच्ची, उन्हाळ्याच्या तोंडावर. वाळवी लागली. तुम्ही पाणी घालत होता तेव्हा खाली मुळं उरलीच नव्हती. वाळल्यावर मी खोड धरलं, तर एका हातानं वर आलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत, आबा?"

"कोणत्या तोंडानं? तिचं झाड माझ्या हातून गेलं. तुम्ही लोक मला पाहून खाली मान घालायचात. मला वाटलं, यांना कळलंय. मग वकील आला आणि स्वतःचंच सांगू लागला. खरं ओठांवर आलं होतं. पण माफ करणं सोपं होतं."

मी ओट्यावर बसलो. मला मोकळे वाटत होते. पण त्याच वेळी मला दिसले की चार वर्षे या माणसाकडे वैशाखात कोणीच आले नव्हते. झाड मी मारले नव्हते, पण एवढे तरी माझ्या हातून झालेच होते. तेही मी त्यांना सांगितले.

"हं," आबा म्हणाले. "ते मात्र खरं." आणि पुढे म्हणाले, "कार्डं आहेत का तुझ्याजवळ? पोस्टातला ना तू?"

पिशवीत होती. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. चाफा माझ्या चुकीने गेला, आपला दोष नाही, निघण्यापूर्वी रविवारी सकाळी यावे, डाळ करीन. मजकूर एकच, कार्डे तीन.

"पाकिटात घालू या का?" मी विचारले. "उघड्या कार्डावर कोणीही वाचेल."

"वाचू दे," आबा म्हणाले आणि पुन्हा सुतळी हातात घेतली.