दारातल्या चपला मोजणाऱ्या सकीनाबाई

सकीनाबाईंची आणि माझी ओळख माझ्या खोटं बोलण्यातून झाली. त्यांच्या साठीच्या गौरवाच्या पुस्तकात असं लिहावं की नाही, मला ठाऊक नाही. मराठी मंडळाच्या पोरांनी सांगितलं, आजी, पहिल्या भेटीपासून सुरुवात करा. पहिली भेट अशीच झाली, तर दुसरी कुठून आणू?

तेव्हा आम्ही इथं कतारलाच, अल गराफा वस्तीत राहायचो. मी, माझा मुलगा महेश, सून वैशाली आणि नात सई. बाहेरून बघाल तर एकच मोठा विला, पण आत मालकानं भिंती घालून चार बिऱ्हाडं बसवलेली. बलदियाला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, असं चालत नाही. म्हणून मालकानं बजावलेलं, कुणी विचारलं तर एकच कुटुंब राहतं म्हणायचं. गल्लीत असे कितीतरी विले. त्यामुळे गराफात माणसं किती, पोरं किती, हे कुणालाच धड सांगता यायचं नाही. आमच्या सिन्नरकडे कुणाच्या घरी पाहुणा आलाय हे ग्रामपंचायतीच्या शिपायाला आधी कळतं. इथं भिंतीपलीकडच्या बाईचं नाव कळायला मला सहा महिने लागले. बरं, ते असो.

एका शनिवारी सकाळी दार वाजलं. डोक्यावर ओढणी, हातात फाईल, अशा एक बाई उभ्या. हिंदीत विचारलं, "इस घर में स्कूल जाने लायक बच्चे कितने हैं?" फाईल बघूनच मी दार अर्धं लोटलं. म्हटलं, आली बलदिया! मी सांगून टाकलं, "बच्चा कोई नहीं. हम बुढ्ढा लोग रहता है."

 बाईंची नजर खाली गेली. आपल्या लोकांची सवय, चपला दाराबाहेर. चारही बिऱ्हाडांच्या चपला त्या एका दारात पडलेल्या. बाईंनी मान वर केली नि रत्नागिरीकडच्या हेलात, चक्क मराठीत म्हणाल्या, "मग ही फुलपाखराची गुलाबी चप्पल तुम्ही घालता काय हो मावशी?"

परक्या मुलखात दारात मराठी ऐकली की माणूस विरघळतो. मी मात्र घाबरून दार लावून घेतलं. आतून सई ओरडतेय, "आज्जी, हू इज इट?" आणि माझा हात तिच्या तोंडावर.

पंधरा दिवसांनी महेश वेस्ट बेच्या ऑफिसातून आला तो तोंड पाडूनच. सईला पहिलीत कुठे जागा मिळत नव्हती. एक आशा होती, आपली भारतीय शाळा दुपारच्या पाळीत पहिलीची तुकडी वाढवणार होती.

"नाही वाढवत म्हणे," महेश म्हणाला. "वस्तीत तेवढी पोरंच नाहीत. शाळेच्या बाई घरोघर विचारून आल्या."

वैशालीची विळीवरची भाजी तशीच राहिली. "मग?"

"मग काय, खलास. एप्रिलपासून तुम्ही तिघी नाशिकला. मी इथं चार जणांत एक खोली घेतो."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या बाई बलदियाच्या नव्हत्या, शाळेच्या होत्या. मी दोघांना खरं काय ते सांगितलं. वैशाली एवढंच म्हणाली, "आई, सई घरात असताना तुम्ही पोर नाही म्हणालात?" मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून शाळेत गेले. प्रवेशाच्या खिडकीमागे त्याच बाई. म्हटलं, "बाई, मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे," सकीनाबाई म्हणाल्या. "पोरांच्या चपला मी मोजल्या होत्या. अकरा जोड."

"मग कागदावर काय लिहिलंत?"

"शून्य. घरातलं माणूस सांगेल तेच लिहायचं, हा माझा नेम आहे. चपला बघून पोरं लिहायला लागले तर उद्या माणसांची वयंसुद्धा चपला बघून लिहीन."

"अहो, पण शाळेकडून आले म्हणून सांगायचं तरी!"

"सांगणारच होते. दार नाकावर आलं."

मला हसूही आलं नि रडूही. सकीनाबाईंचे तेव्हा रोजे चालू होते. स्वतःच्या घोटाला सूर्य बुडायची वाट, पण मला खुर्चीवर बसवून आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच नाही मावशी. फाईल बघितली की सगळेच पोरं लपवतात."

मी म्हटलं, "मग फाईल घरी ठेवा नि मला बरोबर न्या."

लगेच येत्या शनिवारी, संध्याकाळी त्यांचा रोजा सुटल्यावर आम्ही निघालो. फाईलीच्या जागी माझ्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. म्हातारी बघून बायका दार उघडायच्या. मी सांगायचे, "अगं, ह्या शाळेच्या बाई. मीही फसले होते, तू फसू नकोस." सकीनाबाई खाली बघून मनात आकडा धरायच्या, पण तो कधी बोलून दाखवायच्या नाहीत. एकीनं दोन पोरं सांगितली आणि चपला तीन जोड होत्या. सकीनाबाई हलेचनात. लाडू खात राहिल्या, तिच्या सासरची चौकशी करत राहिल्या. शेवटी आतून तिसरं कार्टं लाडू मागायला आपणच बाहेर आलं. आम्ही सगळ्या हसलो, त्याची आईसुद्धा. यादीत पोराचं नाव, वय नि आईचा फोन एवढंच. घराचा नंबर त्यांनी एकदाही लिहिला नाही. ज्या भीतीनं लोक गप्प होते, ती भीती कागदावर यायला नको, म्हणाल्या.

तुकडीला सरकारी परवानगी लागते. त्यासाठी मुख्याध्यापक आणि सकीनाबाई वस्तीतून नगरपालिकेच्या सभेवर निवडून आलेल्या कतारी सभासदांना भेटायला गेले. मला घरी बसवेना, मीही गेले. पांढऱ्या दाढीचे गृहस्थ. त्यांनी यादी बघून काहीतरी विचारलं आणि सकीनाबाईंनी अरबीत शांतपणे उत्तर दिलं. मागाहून मला कळलं. ते म्हणाले होते, ह्या मुलांची घरं कुठली? आणि ह्या म्हणाल्या होत्या, "मला मुलं शोधायला पाठवलंय, घरं शोधायला नाही." त्यांनी यादीची घडी करून खिशात ठेवली. मग माझ्यापुढे खजुराची ताटली सरकवून म्हणाले, "इन्शाल्ला." आम्हांला इथं मत नाही. तरी त्यांनी आमच्यासाठी शब्द टाकला, हे मी विसरणार नाही.

परवानगी आली. पण जागा तीस आणि पोरं त्याहून जास्त. मी हळूच म्हटलं, "सकीनाबाई, सईचं नाव तेवढं वर घाला हो."

"नावं चिठ्ठ्या टाकून निघतील मावशी. सगळ्यांसमोर."

"मी तुमच्याबरोबर दारोदार फिरले!"

"म्हणूनच. लोक आधी तुमच्याकडे बघणार."

दोन दिवस मी त्यांच्यावर रुसले होते. त्यांना आज पहिल्यांदा कळत असेल. चिठ्ठ्यांच्या दिवशी एकेक नाव निघत गेलं. वीस झाली, पंचवीस झाली. महेशनं माझा हात धरला, लहानपणी धरायचा तसा. एकोणतिसावी चिठ्ठी सईची निघाली. वैशाली तिथंच खाली बसली. सकीनाबाईंनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ज्यांची नावं राहिली त्यांच्या आईबापांना घेऊन त्या आत गेल्या आणि दुसऱ्या शाळांना फोन लावत बसल्या. आठवडाभर लावत होत्या. सगळ्या पोरांची सोय झाल्यावर मग आमच्याकडे पेढे खायला आल्या. त्या दिवशी मला कळलं की सईचं नाव वर न घालणारी बाई मला का हवी होती. वर घालता येतं म्हटल्यावर खालीही घालता आलं असतं की!

पुढं आम्ही अल सद्दला सरळ कागदपत्रांच्या फ्लॅटात गेलो. सकीनाबाई अजून सणाला घावणे घेऊन येतात, मी चिवडा देते. सई त्यांच्याशी इंग्रजीत बोलली तर त्या ऐकूच येत नाही असं दाखवतात, मग पोरगी झक मारत मराठीत येते. अशा सकीनाबाईंना साठावं लागलं. मला खरं वाटत नाही, माझ्यापुढे चालतात तेव्हा मला धाप लागते.

सकीनाबाई, मला मोठमोठे शब्द येत नाहीत. तुमचा अल्ला नि माझी रेणुकामाता दोघांना मिळून मी सांगितलंय की म्हातारपण तुमच्याकडे यायला निघालंच तर गराफाच्या गल्ल्यांत वाट चुकावं, तिथले सगळे विले सारखेच दिसतात. तुमचे गुडघे, डोळे, आवाज सगळं ठणठणीत राहो. शंभरीला पुस्तक काढतील तेव्हा मी नसेन, सई लिहील. आत्ता हे लिहितेय तर ती नि महेश गणितावरून भांडतायत, एकमेकांच्या समोर बसून, एकाच घरात. तेवढं ऐकते नि मग ताटं घेते.