क्लॅरिनेटवाल्या काकांची कवळी

मंचरला बाजार समितीजवळ, पहिल्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. एका दुपारी जुन्नरकडच्या गावातून एक काका बायकोला घेऊन आले. साठीच्या पुढचे, शर्टाचं वरचं बटण लावलेले. वरचे सगळेच दात हलत होते आणि वाचवावा असा एकही उरला नव्हता. मी नेहमीसारखं सांगितलं. दात काढू, हिरड्या भरू देऊ, मग कवळी. चार-पाच महिन्यांत भाकरी खाल.

"भाकरीचं नाय वो, मॅडम," ते म्हणाले. "मी बँडमधी क्लॅरिनेट वाजवतो. कवळीवर वाजंल का?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. क्लॅरिनेट वाजवताना दातांचं काय होतं, तेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या टेबलावरचं पेन तोंडात धरून दाखवलं. वरचे दात त्यावर टेकवायचे, खालचा ओठ आत दुमडायचा आणि फुंकायचं. चाळीस वर्षं ते असंच वाजवत आले होते.

"बघू," मी म्हणाले. खोटा धीर देववेना.

दात काढायला ते चार वेळा आले. एकदा भूल चढायची वाट बघत खुर्चीत पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या लग्नाला बँड कुणाचा व्हता?"

मला आठवेना. साडीचा रंग आठवला, आमरस आंबट निघाला होता तेही आठवलं. रात्री आईला फोन केला, तिलाही सांगता येईना. "होता की कुठलातरी," ती म्हणाली. पुढच्या खेपेला मी काकांना तसं सांगितलं, तेव्हा ते हसले. "कुणाच्याच ध्यानात नसतं. त्याचं काय एवढं."

पण मला ते लागून राहिलं.

कवळी तयार झाली त्या दिवशी काका क्लॅरिनेट पेटीतून घेऊनच आले. बाहेर बाकावर पाच-सहा पेशंट बसले होते. काकांनी कवळी बसवली, वाद्य तोंडाला लावलं आणि फुंकलं. पुढच्या दातांवर दाब पडताच कवळी मागून सुटली आणि वाद्यातून नुसती किंचाळी निघाली. बाहेर कुणीतरी हसलं. काकांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या कळा पुसत राहिले.

त्यांची बायको माझ्याशी हळू आवाजात बोलली. "दात गेल्यापासून सकाळचं वाजवनं बंद हाय, मॅडम. लगीन झाल्यापासून रोज ऐकत आले मी. आता घर लई मुकं वाटतं."

मी पुन्हा माप घेतलं. कवळीची मागची कड टाळूवर नीट बसेल अशी वाढवून घेतली. पुढचे दात किंचित आत घेतले. काका दर सोमवारी एसटीनं यायचे, वाजवून बघायचे. मी थोडं घासायचे, ते परत फुंकायचे. पूर्वी मला दातांतून फक्त चावणं आणि दिसणं कळायचं. आता कुठल्या सुराला जबडा किती आवळतो हेही कळू लागलं. तरी वरचे सूर लागेनात.

शेवटी वाट त्यांनीच काढली. एका सोमवारी जिना चढून आले ते हसतच.

"मॅडम, सनईवाले कुठं दात लावत्यात? व्हटातच धरत्यात की. मी वरचाबी व्हट आत घेतला. पंधरा दिवस व्हट सुजले, पर कवळी हालत न्हाई."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. नवरी मांडवात येताना वाजवतात तसली संथ चाल होती. आवाज पूर्वीसारखा मोठा नाही, असं ते स्वतःच नंतर म्हणाले. पूर्वीचा मी ऐकलाच नव्हता. मला तो मऊ वाटला, ओलसर. खुर्चीत माझा दुसरा पेशंट तोंडात कापूस धरून बसला होता, तो हलला नाही. काकांची बायको दाराशी उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि ती खाली रस्त्याकडे बघत राहिली.

त्या उन्हाळ्यात जुन्नरजवळच्या एका लग्नाचं आम्हाला बोलावणं होतं. मांडवाबाहेर बँड दिसला आणि त्यात लाल कोटात काका. अक्षता पडून जेवणं सुरू झाली होती. माणसं जेवत होती, फोटो काढत होती, आणि काका त्या गोंगाटात असे वाजवत होते जणू कुणीतरी समोर बसून ऐकतंय. मी ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. एक लांब सूर त्यांनी इतका अलगद खाली आणला की माझा घास हातातच राहिला.

मांडवात माइकवरचा माणूस पाहुण्यांची नावं घेत होता. आजी-माजी सरपंच, चेअरमन, अमुक गावचे पावणे. मग म्हणाला, "बँडवाल्यांनी जेवून घ्यावं."

मी ताट ठेवून त्याच्याकडे गेले. "क्लॅरिनेट वाजवतात त्यांचं नाव घ्या ना."

"नाव काय त्यांचं?"

केसपेपरवर मी ते कितीदा लिहिलं होतं. संपूर्ण नाव सांगितलं, गावासकट. त्यानं कागदावर टिपून घेतलं आणि पुढच्या दोन पुढाऱ्यांच्या मध्ये, त्याच खणखणीत आवाजात वाचलं. "हे आपल्या लग्नात उपस्थित आहेत, त्यांचं सहर्ष स्वागत."

काकांनी वाजवता वाजवता मान वळवून मांडवाच्या दाराकडे पाहिलं. आपल्याच नावाचं दुसरं कोण आलंय ते त्यांना बघायचं होतं. शेजारच्या ढोलवाल्यानं कोपरानं ढोसलं, "तुमीच की, राव!" तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. वाद्य खाली घेऊन ते लाजून हसले, अगदी सगळे दात दिसतील असे.

"काय वो मॅडम," एवढंच म्हणाले, आणि ओठ आत घेऊन पुढची चाल धरली.