डावीकडचा अर्धा इंच

गल्लीत तिला सगळे टेपबाई म्हणत. गळ्यात सदैव टेप, आणि समोरच्याला नजरेनंच मोजून काढायची खोड. तीस वर्षं तिनं बायकांचे कपडे शिवले, पण "मापात चूक झाली" हे वाक्य तिच्या दुकानात कुणी ऐकलं नाही. कपडा घट्ट झाला, तर गिऱ्हाईक जाड झालेलं असायचं. दुसरा नेम असा, की बेतून उरलेला कपडा, तळहाताएवढा का असेना, पिशवीत घालून परत द्यायचा. शिंप्यानं चिंधी ठेवली की नाव गेलं, हे बापानं शिकवलेलं. बापही शिंपीच.

एकोणपन्नासाव्या वर्षी तिचा स्वतःचा ब्लाउज डावीकडे दाटू लागला. दुसरी एखादी बाई शंका घेऊन डॉक्टरकडे गेली असती, निदान शिंप्याकडे तरी. हिनं चहाच्या आधी शिवण उसवली, आत दुमडलेल्या कपड्यातून अर्धा इंच सोडला आणि टीप मारली. सात आठवड्यांनी पुन्हा अर्धा इंच. कापड आटलं, असा निकाल देऊन ती मोकळी झाली. फक्त डावीकडे आटणारं कापड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, पण आपल्याच कपड्याशी कोण वाद घालतो? तिसऱ्या खेपेला सोडायला कपडाच उरला नाही, तेव्हा हात गाठीवर गेला.

गंमत म्हणजे दोन वर्षांपूर्वी एका मास्तरीणबाईंची गाठ हिनंच टेप लावता लावता हेरली आणि त्यांना दवाखान्यात धाडलं होतं. त्या आता ठणठणीत होत्या. धीर द्यायला आल्या.

"अगं, रोज एक गोळी. मी तर कधी कधी विसरतेसुद्धा."

टेपबाईनं डॉक्टरीणबाईंकडे तीच गोळी मागितली. त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. मास्तरीणबाईंची गाठ हार्मोनवर पोसली जायची, गोळीनं ती रसद तोडली. काही गाठींवर हर-टू नावाचं प्रथिन भरमसाट असतं, त्यावर वेगळी औषधं आहेत. "तुमच्या गाठीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन पकडणाऱ्या जागा नाहीत आणि ते प्रथिनही वाढलेलं नाही. म्हणून तिला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात."

"म्हणजे साटीन," टेपबाई म्हणाली. "टाचायला जागा नाही, आणि धरावं तर निसटतं."

"तसंच. म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन. ही वाढते झपाट्यानं, पण केमोनं पुष्कळदा विरघळतेही झपाट्यानं."

पाच महिने केमो झाली. केस गेल्यावर तिनं टोपी शिवायला डोकं मोजलं. साडेबावीस इंच भरलं. घरच्यांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात मात्र गाठ पुरती गेलेली नव्हती. पुढे किरणांचा शेक, मग गोळ्या, मास्तरीणबाईंच्या नव्हेत, केमोच्याच. ही जात परतायची तर बहुधा पहिल्या काही वर्षांतच परतते, असंही कळलं.

"वक्तशीर आहे," टेपबाई म्हणाली.

शेवटी रक्ताच्या तपासणीत बीआरसीए नावाच्या जनुकात दोष निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या भावात हा असण्याची शक्यता निम्मी. त्याच्यात असला, तर त्याच्या मुलीत असण्याचीही निम्मी. आधी कळलं, तर वेळच्या वेळी तपासण्या होतील."

भावाला एकच मुलगी, चोवीस वर्षांची, लग्न ठरलेली.

"पुरुषाला कसला आलाय छातीचा रोग?" दादा म्हणाला.

"दोष पुढे द्यायला छाती लागत नाही, दादा. आपली आत्या अडतिसाव्या वर्षी गेली, आठवतंय ना?"

"ती धसक्यानं गेली."

"धसक्याची गाठ काखेत येत नाही."

"हे बघ, लग्न मोडायचंय का तुला? पोरीच्या कानावर गेलं, तर या घराची पायरी चढायची नाही."

वहिनी कपाट आवरत होती. कपाट आधीच आवरलेलं होतं.

लग्नाचा ड्रेस मात्र टेपबाईच शिवणार होती, ते दादानं बदललं नाही. भाची माप द्यायला आली ती वहिनीच्या पहाऱ्यात. टेपबाईचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. तिनं उजव्यानंच टेप फिरवली आणि आकड्यांपलीकडे चकार शब्द काढला नाही. ड्रेस झाला तेव्हा उरलेल्या कपड्यात जनुकाच्या रिपोर्टची प्रत गुंडाळली. वर लिहिलं: 'फक्त तुला. डॉक्टरांना दाखव.'

चार दिवसांनी भाचीचा फोन आला.

"आत्या, काय बसलाय गं! अंगावर ओतल्यासारखा!"

"आणि उरलेला कपडा?"

"चिंध्या होय? बाबांनीच पिशवी उघडली. एकेक चिंधी उलगडून पाहिली आणि सगळ्या कचऱ्यात टाकल्या. म्हणाले, आजारी माणसाकडच्या..." ती अडखळली. "तसं नाही गं आत्या, त्यांना आपलं..."

"असू दे."

दादाला कागद सापडला होता. तोही शिंप्याचाच मुलगा. चिंध्या परत येतात हे त्यालाही बापानंच शिकवलं होतं.

टेपबाईनं टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळली, मग सोडली.

"चिमणे, उद्या दुकानात ये. एकटी ये."

"कशाला गं?"

"मापात चूक झालीय."

"तुझ्याकडून? छे! आणि बसलाय की छान!"

"झालीय म्हणते ना," टेपबाई म्हणाली. "डावीकडे अर्धा इंच."