बेटावरचा उंबरा

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या डोक्यावर राजाचा मुकुट होता. औरंगपुऱ्यात नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानात आरशासमोर उभा राहून मी मुकुट मापून बघत होतो. तो कपाळावर घसरत होता आणि सलीमभाई मागून कागदाची घडी सारत होते. तेवढ्यात वहिनींचा फोन. "अण्णा गेले रे... चहा पिता पिता गेले. कप सुद्धा नीट बशीत ठेवला होता." मी दुकानाच्या पायरीवर बसलो. गल्लीतनं जाणाऱ्या रिक्षातली माणसं मान वळवून बघत होती, कारण पायरीवर बसून रडणारा राजा काही रोज दिसत नाही. सलीमभाईंनी मुकुट अलगद काढून घेतला आणि म्हणाले, "बाळापुरेसाब? या अल्ला... वो आदमी तो दरवाजे से भी झुक के नहीं, नाप के निकलता था."

अगदी खरं होतं ते. अनंत बाळापुरे, म्हणजे आमचे अण्णा, पेशानं वास्तुरचनाकार आणि हौसेनं आमच्या नाटकमंडळीचे नेपथ्यकार. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मी त्यांच्या प्रत्येक नाटकात होतो आणि प्रत्येक नाटकात त्यांच्या शिव्या खाल्ल्या. कागदावरच्या नकाशावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. तालमीच्या पहिल्या दिवशी ते पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर अख्खं घर आखायचे, इथं दार, इथं पलंग, इथं खिडकी, आणि आम्हाला त्यात चालायला लावायचे. मी भिंतीतनं गेलो की ओरडायचे, "अरे नटवर्या, भूत आहेस का तू? दारातनं जा!" पुढं लोकांची खरी घरं बांधतानाही त्यांनी हेच केलं. घरमालकाला रिकाम्या प्लॉटवर बोलवायचं, फक्की मारायची आणि म्हणायचं, आता इथं झोपून दाखवा.

त्यांचं एक वैर होतं. उंबऱ्याशी. त्यांच्या आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि आठ महिने अंथरुणावर काढून तिथंच संपल्या. तो उंबरा होता जेमतेम चार बोटांचा. त्यानंतर अण्णांनी बांधलेल्या एकाही घराला उंबरा नाही. तेवढ्यावर थांबले असते तर ते अण्णा कसले? एकदा आमच्याकडं चहाला आले, माझ्या आईला काठी टेकत येताना पाहिलं आणि शबनममधून करवत काढून आमच्या उंबऱ्याला लावली. आमची ही ट्रे घेऊन उभी. "अण्णा, चहा तरी पूर्ण घ्या." अण्णा म्हणाले, "तुम्ही ओता, तोवर होतं." आणि खरोखरच झालं.

आता त्या बेटाकडं येतो. पैठणच्या धरणाचं पाणी पसरलं तेव्हा आसपासची गावं उठली, पण आमच्या गोष्टीतलं गाव टेकाडावर सरकलं आणि चारी बाजूंनी पाण्यात अडकलं. तिथं जायचं म्हणजे पैठणच्या रस्त्यानं चितेगाव ओलांडायचं, मग मातीचा रस्ता, मग मशीनची होडी. तरुण पोरं चिकलठाण्याच्या कारखान्यांत गेली, राहिली म्हातारी माणसं. कुणी आजारी पडलं की मुलगा होडी घेऊन यायचा आणि आईला चिकलठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचा. त्यातलं परत कुणी येत नसे. या बावीस म्हाताऱ्यांसाठी तिथंच, बेटावर, राहण्याची आणि शुश्रूषेची जागा करायची असं अण्णांनी मनावर घेतलं. मदत देणाऱ्या संस्थेचं म्हणणं वेगळं होतं. इमारत काठावर, डांबरी रस्त्याला लागून बांधा, डॉक्टरला सोयीचं. अण्णांनी एवढी हुज्जत घातली की शेवटी संस्थेनं एक अट टाकली: म्हाताऱ्यांनी स्वतः सभेत सांगावं की आम्ही या इमारतीत राहायला येऊ, आणि कागदावर अंगठे द्यावेत. नाहीतर काठावर.

सभेच्या दिवशी अण्णांनी मला सोबत घेतलं. "तुझा आवाज मोठा आहे आणि डोकं रिकामं आहे, दोन्ही लागेल," म्हणाले. शाळेच्या मैदानावर फक्कीनं अख्खी इमारत आखली. म्हाताऱ्यांनी घरून आपापल्या बाजा आणल्या आणि आखलेल्या खोल्यांत टाकल्या. उद्यापासून राहायलाच यायचं अशा थाटात एका आजोबांनी तर कंदीलही आणला. बाजेवरून उठून संडासापर्यंत किती पावलं, वळताना कुठं हात टेकावासा वाटतो, हे अण्णा वहीत टिपत होते. आणि मी? मी दार झालो होतो. दाराच्या खुणेवर चौकटीसारखा ताठ उभा, आणि सगळ्यांनी माझ्याजवळून आत वळायचं. मी राजे केले, खलनायक केले, एकदा तर म्हैसही केली, पण चौकटीची भूमिका पहिल्यांदाच.

पहिली हरकत भिवातात्यांनी घेतली. अण्णांनी मोठ्या हौसेनं सगळ्या खिडक्या पाण्याकडं ठेवल्या होत्या. तात्या बाजेवर पडून म्हणाले, "इंजनेर, ह्या पाण्याकडं काय बघायचं? ह्यानं माझी जमीन गिळली. खिडकी धक्क्याकडं करा. होडीतनं कोण उतरलं ते तरी दिसंल." शहरातून गेलेल्या आम्हा दोघांना तो देखावा फार आवडला होता, हे आठवून मला अजून कानकोंडं होतं. अण्णांनी पायानं फक्की पुसली आणि खिडक्या फिरवल्या. तात्या मान हलवून म्हणाले, "आता जमलं."

मग आली कौसाबाई. सत्तरी ओलांडलेली, काटक, हातात काठी, गावातल्या बायका तिच्याकडं बघून पाऊल टाकणाऱ्या. ती माझ्यासमोर आली आणि थांबली. माझ्या तोंडाकडं नाही, पायांकडं बघितलं.

"उंबरा कुठंय?"

"नाही मावशी," मी म्हणालो.

"मंग दार कशाला झालास?"

आणि वळली, जाऊन बाजेवर बसली. मागच्या बायकाही वळल्या. एकेक करत सगळ्या आपापल्या बाजांवर. झाडाखाली संस्थेच्या मॅडम कागद घेऊन बसल्या होत्या, त्यांनी घड्याळ बघितलं. त्यांना नेणारी होडी चार वाजता सुटणार होती.

अण्णा समजवायला लागले. काठी अडकते, चाकाची खुर्ची अडकते, पाय अडकतो. कौसाबाई ऐकत राहिली. "सकाळी हळदी-कुंकू कुठं वाहू? सून आली तर माप कुठं ठेवू? घराला उंबरा नसला तर घर आन् गोठा एकच की रं सायबा. मी काय गोठ्यात मरू?"

अण्णांचा आवाज चढला. मी त्यांना रंगमंचावर शंभर वेळा चिडलेलं बघितलंय, पण हे तसं नव्हतं. "माझी आई उंबऱ्यात पडून गेली," ते म्हणाले. "आठ महिने... आठ महिने मी तिला कुशीवर वळवलं. मी कुणालाही उंबरा देणार नाही."

मी दार होतो, त्यामुळं मला हलताही येईना. कौसाबाई उठली, काठी टेकत अण्णांपाशी आली आणि त्यांच्या दंडाला हात लावला. "व्हय रं बाबा. लई वाईट झालं. पर त्यात उंबऱ्याचा काय दोष? त्याला उंच कुणी केला? माणसानंच ना? गाडून टाक त्याला. जमिनीबरोबर गाड. देव काय फूटपट्टी घेऊन येतोय व्हय मोजायला?"

अण्णा म्हणजे चाळीस वर्षं इमारती बांधणारा माणूस, पण त्याला हे सुचलं नव्हतं. उंबरा एकतर असतो किंवा कापायचा असतो, एवढंच त्याला ठाऊक. मग त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं चावट हसू आलं आणि मला म्हणाले, "नटवर्या, आडवा पड. आता तू उंबरा." मी मुकाट्यानं मातीत आडवा झालो. कौसाबाईनं माझ्या पोटाकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्यो लई उंच हाय, दुसरा आणा." सबंध मैदान हसलं, मॅडमसुद्धा. मग शाळेच्या पायरीजवळची एक सुटी शहाबादी फरशी अण्णांनी उचलली, स्वतः गुडघ्यावर बसून माती उकरली आणि फरशी जमिनीशी सपाट बसवली. कौसाबाईनं काठीनं ठोकून बघितलं, पदराच्या गाठीतलं कुंकू काढून फरशीला बोट लावलं आणि आत गेली. होडी सुटायच्या आत बावीस अंगठे उठले होते.

पुढची गोष्ट मी फुशारकीनं सांगतो, कारण ती सांगायला अण्णा नाहीत आणि असते तर त्यांनी सांगितली नसती. उन्हाळ्यात पाणी खाली जातं तेव्हा जुन्या गावाची जोती उघडी पडतात. कौसाबाईनं सुचवलं आणि अण्णा होडी घेऊन निघाले, चिखलात गुडघाभर रुतत जुन्या घरांचे दगडी उंबरे शोधायला, नव्या खोल्यांच्या दारांत गाडायला. सगळे नाही सापडले, पण बरेच सापडले. एका दगडावरून दोन सख्खे भाऊ भांडले, दोघंही ऐंशीच्या घरातले. "आमच्या आईनं हितं हळद वाहिलीय!" "मंग माझी आई कोन व्हती?" अण्णांनी दोघांना एकच खोली दिली. प्रत्येक दगड बसवला की अण्णा खिशातून काचेची गोटी काढायचे आणि दगडावरून सोडायचे. ती जराही उडाली तर दगड परत काढायचा. गवंडी माझ्याजवळ येऊन कुरकुरला, "साहेब म्हातारपणी गोट्या खेळायला लागले." पण आज तिथं चाकाची खुर्ची एका बोटानं ढकलता येते. शहरातले वास्तुरचनाकार होडीतून येऊन ते दगड बघून जातात, मोबाइलमध्ये फोटो काढतात, आणि मी तिथं असलो तर आवर्जून सांगतो की या रचनेतला पहिला उंबरा मी आहे.

केंद्र सुरू झालं त्या दिवशी फीत वगैरे नव्हती. कौसाबाई पहिली आत गेली. मुख्य दाराशी आली, जमिनीशी अगदी सपाट असलेल्या त्या दगडापाशी थांबली आणि गुडघा वर घेऊन, पाय उचलून पलीकडं टाकला. तिच्यामागं भिवातात्या, तसेच. एकामागून एक सगळे न दिसणारा उंबरा ओलांडत आत निघाले. अण्णांचा जीव वरखाली. "अहो, सपाट आहे! सपाट! पाय कशाला उचलता? पडाल!" कौसाबाई आतून म्हणाली, "उंबऱ्यावर पाय देतं का कुनी?" अण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "गाढव आहेत सगळी," आणि रुमालानं चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला.

त्यानंतर चिकलठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावरून दोन म्हाताऱ्या परत आल्या. मुलांनी स्वतः आणून सोडल्या. अण्णांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, "उलट्या दिशेनं होडी भरली रे." त्यांनी स्वतःची तारीफ केल्याचं मला आठवतं ते एवढंच.

ते गेल्यावर सहा आठवड्यांनी मी बेटावर गेलो. गावकऱ्यांना त्यांच्यासाठी सभा घ्यायची होती आणि बोलायला मी. खिशात चार पानांचं भाषण, त्यात तीन विनोद, एक शेर आणि शेवटी आवाज कापरा करायची खूण. दुपारची वेळ. धक्क्यावर उतरलो तर खिडक्यांतून माणसं बघत होती, भिवातात्यांनी हात केला. मुख्य दाराशी कौसाबाई खाली बसून दगडावर ताजी हळद लावत होती. मला बघून म्हणाली, "आलास? भाषण नंतर कर. आधी आत ये, पानी पी." मी पुढं झालो आणि काही कळायच्या आत माझा पाय वर उचलला गेला, नाटकात पायरी चढतात तसा, चांगला हातभर. आत पोचल्यावर मला हसू आलं. कौसाबाईला म्हटलं, अण्णा असते तर ओरडले असते, सपाट आहे गाढवा.

कौसाबाई हात पुसत उठली. "तो कशाला वरडतोय?" ती म्हणाली. "तुमी शहरातली मानसं संगं असली की वरडायचा. एकटा आला की दाराशी चपला काढायचा, खाली वाकून दगडाला हात लावायचा, आन् तसाच यायचा आत. पाय उचलून."