पाठमोरा हिरो

शाळेच्या ग्रंथालयाच्या बाईंनी शूटिंगवाल्या काकांना पहिल्यांदा पाहिलं ते भाचीच्या लग्नात. भाची गाडीत बसली आणि बाईंना रडू आवरेना. रुमाल शोधत होत्या तेवढ्यात खांद्यावर कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ समोर आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "ताई, छान रडलात. पण उजेड मागून होता. जरा इकडे वळून पुन्हा रडाल का?"

बाईंना खरं तर राग यायला हवा होता. पण आपण निमूटपणे वळलो आहोत आणि रडतोही आहोत, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. गृहस्थ "शाबास" म्हणाले आणि आत्याबाईंना रडवायला पुढे गेले.

त्यानंतर चारेक वर्षांनी एका शनिवारी तेच गृहस्थ ग्रंथालयाच्या दारात उभे. खांद्यावर तीच काळी बॅग, अंगात इस्त्रीचा शर्ट. केस शाईसारखे काळे, आणि डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत असे बेताने बसवलेले की मधलं टक्कल आहे की नाही याची समोरच्याला खात्री होऊ नये.

"मोठ्या बाईंनी पाठवलंय," ते म्हणाले. "मुलांना सिनेमा काढायला शिकवायचाय. पडदे असलेली खोली एवढी एकच आहे म्हणे."

झालं होतं असं की, काकांच्या मुलाने दुकान हातात घेतलं होतं. आता तिथे उडणारे कॅमेरे होते, आणि लग्नाआधीच नवरा-नवरीला डोंगरावर पळवत नेऊन शूटिंग होत असे. काकांना काउंटरवर बसवलं होतं. "बाबा, तुम्ही आता आराम करा," असं मुलगा प्रेमाने म्हणे, आणि ते ऐकलं की काकांना ताप आल्यासारखं वाटे. एकतीस वर्षं ज्या माणसाने शेकडो लग्नं हलवली, बसवली, हसवली, त्याने दिवसभर पासपोर्ट फोटोचे चौकोन कापायचे. म्हणून शाळेने शनिवारच्या वर्गासाठी माणूस हवा अशी चिठ्ठी फाटकावर लावली, तेव्हा पहिले हजर झाले ते काका.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी अट स्पष्ट घातली. वर्षअखेरच्या पालकसभेत मुलांनी केलेली फिल्म दाखवायची. पालकांना पटली तर वर्ग पुढे चालू. नाहीतर ती खोली झटपट गणिताच्या वर्गाला. झटपट गणितवाले तसेही महिनाभर दारात घुटमळत होतेच.

वर्गात अकरा मुलं आली. पहिल्याच दिवशी काकांनी फळ्यावर तीन नियम लिहिले. सगळे दिसले पाहिजेत. सगळ्यांनी इकडे बघितलं पाहिजे. पाठ कुणाचीच दिसता कामा नये.

"का?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला. विचारणारी सहावीतली. तिला सगळी शाळा वकील म्हणत असे, कारण उत्तर मिळाल्यावर तिचा खरा प्रश्न सुरू व्हायचा.

"का म्हणजे? एखादी आत्या व्हिडिओत दिसली नाही, तर दहा वर्षं त्या घरात येणं-जाणं बंद होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पण आमच्या फिल्ममध्ये आत्या नाही."

"आज नाही. उद्या असेल," काका म्हणाले. बाई नोंदवहीत डोकं खुपसून हसल्या.

मुलांची फिल्म होती टोपीवर. पाचवीतल्या एका मुलाचे केस त्याच्या बाबांनी घरीच कापले होते, आणि मधेच फोन आला म्हणून उरलेलं काम घाईत उरकलं होतं. त्यानंतर पोरगा आठवडाभर टोपी घालून शाळेत येत होता आणि कुणी काही म्हटलं तरी ती काढत नव्हता. त्याचं नावच टोपी पडलं. वकीलने त्याला गाठलं आणि बराच वेळ वाद घालून हिरो व्हायला तयार केलं. एक मुलगा, त्याची टोपी, दिवसभर ती वाचवण्याची धडपड, शेवटी वर्गात टोपी निघते. गोष्ट एवढीच. पण वकीलचं म्हणणं असं की कॅमेरा पूर्ण वेळ टोपीच्या मागून चालणार. चेहरा दाखवायचाच नाही.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, हिरो आहे तो. हिरोची पाठ दाखवतात का कुणी?"

"त्याला वाटतंय ना, आपल्याला कुणी बघू नये. मग आपण तरी का बघायचं?"

"आणि त्याची आई येणार आहे, तिला काय सांगू?"

"तिला घरी दिसतोच की रोज."

पुढचे पाच शनिवार मुलं टोपीच्या मागून जिना चढली, मैदानातून धावली, नळावर थांबली. काका स्टँड धरून उभे राहत आणि सुस्कारे टाकत. "उजेड बघा," "हात स्थिर," "श्वास रोखा म्हणजे चित्र हलत नाही," हे मात्र ते फार छान शिकवत. मुलांना कळावं म्हणून स्वतः श्वास रोखून लाल होत. मधल्या वेळात मुलं बिस्किटं खायला बसली की काकांच्या हाताला चैन पडत नसे. ते गुपचूप एकेकाचा हसरा चेहरा टिपून ठेवत. बाईंनी ते पाहिलं होतं, पण म्हाताऱ्या माणसाचा विरंगुळा म्हणून बोलल्या नव्हत्या. पुढे त्यांना त्याबद्दल चुटपुट लागली.

जोडणीचं काम, काकांच्या भाषेत मिक्सिंग, मुलांनी दुकानातल्या संगणकावर बसून केलं. सहा मिनिटांची फिल्म झाली. पालकसभा शनिवारी होती, आणि गुरुवारी ग्रंथालयात पडदे लावून मुलांनी ती एकदा पाहायची असं ठरलं.

गुरुवारी पडद्यावर आधी गुलाबाची फुलं उमलली. त्या फुलांतून मोठ्या बाईंचा फोटो वर आला. मग सनई वाजली, आणि टोपी बिस्किट खाताना हसला. संथ गतीने हसला. त्याच्या डाव्या बाजूला बदामाच्या आकारात वकील, उजव्या बाजूला बदामात तिची मैत्रीण. जिना चढणारी पाठ अर्धं मिनिट आली न आली, तोच सगळ्या अकरा जणांचे चेहरे गोल फिरत आले आणि कॅमेऱ्याकडे बघून हात हलवू लागले. शेवटी सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: आपला स्नेह असाच राहू द्या.

पडदे कुणी उघडले नाहीत. टोपी खाली बघत होता.

"काका," वकील म्हणाली, "आमची फिल्म कुठे आहे?"

"हीच की. जरा उठाव दिला. परवा सगळ्यांच्या आया येणार, त्यांना आपापलं मूल नको दिसायला?"

"आम्ही काढलेली कुठे आहे?"

काकांनी बॅगेच्या पट्ट्याशी चाळा केला. लग्नाचं काम हातावेगळं झालं की कार्ड पुसायचं, संगणकातली दाटी साफ करायची, म्हणजे पुढचं लग्न गाठायला मोकळं. ही एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप चालले होते.

"पुसली," ते म्हणाले.

वकील रडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून पडदे उघडले. काका दार उघडून व्हरांड्यात गेले. बाई मागोमाग गेल्या.

"एकतीस वर्षांत एक तक्रार नाही, बाई," काका नळापाशी उभं राहून म्हणाले. "एकसुद्धा नाही."

"कशी असेल? तुम्ही सगळ्यांना दाखवत आलात. या पोरांनी एकट्याची गोष्ट सांगितली होती."

"मी त्यांचं भलंच बघत होतो. पाठी बघून पालक उठून गेले असते, वर्ग बंद झाला असता."

"वर्ग कुणाचा बंद झाला असता?"

काकांनी नळ उघडला, हात धुतले, पुन्हा धुतले. "माझा," ते म्हणाले. "कळवा त्या गणितवाल्यांना. मी उद्यापासून येत नाही."

"एवढ्या स्वस्तात सुटायचं नाही," बाई म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दामच कडक ठेवला होता. "आधी आत जाऊन पोरांशी बोला. तुमच्या वतीने मी बोलणार नाही."

काका आत गेले. फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "चुकलं माझं. फिल्म तुमची होती, मी हात लावायला नको होता."

मोठ्या माणसाने असं सरळ कबूल करण्याची मुलांना सवय नव्हती. वकीललासुद्धा क्षणभर पुढचा प्रश्न सापडेना. मग सापडला. "बाई, उद्या शाळा सुटल्यावर दोन तास खोली मिळेल?"

"मिळेल."

"मग परत काढू. आता आम्हाला येतं." तिची नजर टोपीकडे गेली आणि तिथेच अडकली. पाच आठवड्यांत टोपीचे केस छान वाढले होते. शेवटी टोपी निघाल्यावर दिसायला हवा होता तो सत्यानाश कुठेच शिल्लक नव्हता.

टोपीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "मी नाही हं. बाबांनी शब्द दिलाय, परत कात्रीला हात लावणार नाही म्हणून."

"विग आणू का?" काकांनी विचारलं.

"विग खोटा दिसतो."

बाईंनी पाहिलं, काकांचा हात हळूहळू स्वतःच्या डोक्याकडे गेला आणि त्या बेताने बसवलेल्या केसांवर थांबला. त्या केसांवर रोज सकाळी अर्धा तास खर्च होतो आणि वारा सुटला की काका भिंतीच्या कडेने चालतात, हे सगळ्या शिक्षकांच्या खोलीला माहीत होतं.

"हे चालतील?" त्यांनी विचारलं.

वकीलने त्यांच्याभोवती एक फेरी मारली. "चालतील. पण मग मुलगा नको. नवीन सर करू. केस बिघडलेले सर, आणि त्यांना वर्गाची भीती वाटते."

"ते करायला मला अवघड जाणार नाही," काका म्हणाले.

शुक्रवारी ग्रंथालयात खुर्चीवर वर्तमानपत्र पसरून टोपीने कात्री चालवली. "बाबांनी इथून सुरुवात केली होती," तो गंभीरपणे सांगत होता, "मग इथे फोन आला." काका डोळे मिटून बसले होते. काम संपल्यावर आरसा कुणी दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. कॅमेरा टोपीने धरला. पाठीमागून कॅमेरा कसा चालतो हे आपल्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक, असं त्याचं म्हणणं होतं.

अडचण आली ती काकांच्या मानेची. कॅमेरा चालू झाला की ती वळायची.

"काका, मागे बघू नका."

"मी कुठे बघतोय?"

"मान वळतेय."

"ती आपोआप वळते गं. उजेड बरोबर आहे का एवढंच बघत होतो."

"हिरोने उजेड बघायचा नसतो. पुन्हा."

जिन्याचं शूटिंग चार वेळा झालं. पाचव्या वेळी बाई वरच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बघत या. मान हलली तर वाचनालयाचं कार्ड रद्द." काका नाकासमोर चालत आले. सत्तावीस पायऱ्या, टोपी कानापर्यंत ओढलेली, खांदे पडलेले. बाईंना त्यांचा चेहरा दिसत होता. त्यावर अभिनय अजिबात नव्हता.

त्या संध्याकाळी काकूंनी दार उघडलं आणि आधी "कोण पाहिजे?" असं विचारलं म्हणे.

शनिवारी सकाळी मुलांनी दुकानात बसून जोडणी उरकली, आणि पालकसभेत फिल्म लागली. पहिली दोन मिनिटं नुसती कुजबुज. "कोण आहे हो? तोंड कधी दाखवणार?" मग सर टोपी घट्ट धरून शिक्षकांच्या खोलीच्या दारावरून दोनदा परत फिरले आणि तिसऱ्या रांगेतले एक वडील खुदकन हसले. नळावर पाणी पिताना टोपी पडता पडता वाचली तेव्हा अख्खी सभा "अरे अरे" म्हणाली. शेवटी सर वर्गात शिरतात आणि टोपी काढतात. पडदाभर ते भीषण डोकं, आणि त्याच्या पलीकडे बाकांवरचे मुलांचे चेहरे. मुलं बघत राहतात. कुणी हसत नाही. मग वकील वही उघडते आणि विचारते, "सर, कोणता धडा?" संपलं.

टाळ्या झाल्या. फार मोठ्या नाही, पण ज्या झाल्या त्या मनापासून.

दारात टोपीच्या आईने काकांना गाठलंच. "सगळ्यांची मुलं दिसली शेवटी. आमचाच नाही दिसला."

एकतीस वर्षांतली पहिली तक्रार. काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

"वहिनी," काका म्हणाले, "ती सगळी त्यानेच काढलीय. तो कॅमेऱ्यामागे होता."

"ते कळलं हो. पण दिसला नाही."

"नाही दिसला," काकांनी मान्य केलं, आणि त्यांना ते एवढं जड गेलं नाही, असं बाईंना वाटलं. आईने दोन पावलं जाऊन मागे वळून विचारलं, "जिन्यावरचं पण त्यानेच?" त्यानेच, म्हणून काकांनी सांगितलं. "हललं नाही कुठे," ती म्हणाली आणि मुलाला शोधायला गेली.

मोठ्या बाई खुर्च्या आवरून घेत होत्या. काकांच्या डोक्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत त्या म्हणाल्या, "ग्रंथालयाचे पडदे फार मळलेत. पुढच्या वर्षीचा वर्ग सुरू व्हायच्या आत धुवायला टाका."

त्याला आता तीन वर्षं झाली. वर्गात चौदा मुलं आहेत, आणि बुधवारी धाकट्यांचा वेगळा वर्ग भरतो. दुकानात काका फक्त सोमवारी बसतात.